रात्रीच्या मुंबईचे बिननावाचे वादक

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून वीर नरिमन मार्गाने समुद्राकडे निघाले की काही मिनिटांतच मरीन ड्राइव्ह लागतो. या रस्त्याचे जुने नाव चर्चगेट स्ट्रीट. १९५० आणि १९६० च्या दशकांत एवढ्याशा परिसरात रोज संध्याकाळी जिवंत वाद्यवृंद वाजत असे. गेलॉर्ड, ॲम्बॅसेडर हॉटेल, जवळच्याच ॲस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस', समुद्राच्या कोपऱ्यावरचे 'टॉक ऑफ द टाउन' ही त्यांतली ठळक ठिकाणे. मुंबईचा इतिहास लिहिताना किल्ला, गिरण्या, गोदी, चळवळी येतात. रात्र मात्र बहुधा वगळली जाते, आणि तिच्याबरोबर ती वाजवणारी माणसेही.

ही कथा १९३५ पासून सांगणे सोयीचे. त्या वर्षी लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजच्या नाचघरात तोवर नृत्यसंगीत होते. पण कृष्णवर्णीय अमेरिकनांनी स्वतः वाजवलेला जॅझ मुंबईने जवळून ऐकला तो तेव्हा. मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी वर्णभेदाचे कायदे सोसणाऱ्या या कलावंतांना परक्या देशातील हॉटेलात सन्मानाचे स्थान मिळाले. त्याच वेळी, हाकेच्या अंतरावरच्या यॉट क्लबात भारतीयांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. साम्राज्याच्या हिशेबात अशा विसंगती पदोपदी सापडतात.

पाहुणे वादक कायमचे राहणारे नव्हते. त्यांच्या शेजारी बसून जॅझ शिकले ते प्रामुख्याने गोव्याचे तरुण. गोवेकरच का, याचे उत्तर रक्तात शोधण्याची गरज नाही. ते शाळेत सापडते. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडून चालणाऱ्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत. व्हायोलिन हातात येण्याआधी कागदावरचा स्वर ओळखता यावा लागे. उद्देश प्रार्थनासंगीताचा होता. परंतु स्वरलिपी वाचणाऱ्याला वाल्ट्झ काय, फॉक्सट्रॉट काय, दोन्ही सारखेच.

गावात शेती थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या. तरुण मुंबईला येत आणि धोबी तलाव, गिरगावच्या परिसरातील आपल्या गावाच्या 'कुडी'त उतरत. कूड म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून चालवलेले बिऱ्हाड: भाडे नाममात्र, माणशी एक ट्रंक, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. जहाजावरचे खलाशी, आचारी, वादक, सगळ्यांना तिचा आधार. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. ताजच्या झुंबराखाली काळा सूट घालून वाजवणारा माणूस पहाटे कुठे परतत असेल, हा प्रश्न समोर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना पडला असेल कोण जाणे.

नाव बदलणे ही या व्यवसायाची पहिली अट असावी असे वाटते. फर्नांडिसचा फर्नांड झाला, परेराचा पेरी झाला, एडवर्ड सल्डान्हाचा डिझी साल. आणि हळदोण्याचा अंतोनियो शावियेर वाझ झाला 'चिक चॉकलेट'.

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ चा. ट्रंपेट असे वाजवीत, आणि खर्जातल्या घोगऱ्या आवाजात असे गात, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कौतुकाचा सूर लावूनही हे विशेषण माणसाला दुसऱ्याची सावली ठरवते. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा झाला, तेव्हा वाजले ते मिकी कोरिया आणि चिक चॉकलेट यांचे वाद्यवृंद. देश मोकळा होत असताना मुंबईचा एक भाग त्यांच्या तालावर नाचत होता. त्या वादकांचा स्वतःचा गोवा मात्र आणखी चौदा वर्षे पोर्तुगालकडेच राहणार होता.

मग दारूबंदी आली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. संपूर्ण बंदी लागू झाली ६ एप्रिल १९५० पासून. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. हॉटेलातील वादकाचा पगार शेवटी पेल्यातून निघत असे. पेला रिकामा झाला तसा हिशेबही कोलमडला. काही वादकांनी कलकत्त्याची वाट धरली, कारण तेथे पार्क स्ट्रीटवर बंदी नव्हती.

तरीही दारूबंदीने मुंबईचा जॅझ संपवला, हे वारंवार केले जाणारे विधान अर्धेच खरे आहे. चर्चगेट स्ट्रीटचा बहराचा काळ नेमका बंदीच्याच वर्षांतला. कायद्याने मद्य नाही म्हटल्यावर उपाहारगृहांना गिऱ्हाईक ओढण्यासाठी संगीताचाच आधार उरला. कॉफीच्या एका पेल्यावर तासन् तास बसणारी महाविद्यालयीन मुले तेथे आली, आणि रविवारच्या जॅम सेशनला तर साहेबी काळात पायरीही न चढलेला वर्ग येऊ लागला. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला. त्याने डिझी साल यांचा पियानो ऐकला, आणि पुढच्याच वर्षी हा तरुण बॉस्टनच्या बर्कली संगीतशाळेत दाखल झाला.

वादकांचे दुसरे घर होते चित्रपटाचा ध्वनिमुद्रण कक्ष. हिंदी चित्रपटाच्या संगीतकाराकडे चाल असे, रागाची जाण असे; पण चाळीस-पन्नास वाद्ये एकाच वेळी काय वाजवतील हे कागदावर मांडण्याची विद्या बहुतेकांकडे नव्हती. हे काम 'अरेंजर' करी. संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेली चाल तो स्वरलिपीत उतरवी, तिच्याखाली हार्मनी रची, दोन कडव्यांमधली जागा भरी आणि प्रत्येक वादकाच्या पुढ्यात त्याचा कागद ठेवी. त्या काळी सारा ताफा गायकासह एकदम वाजत असे. एक जण चुकला की गाणे पहिल्यापासून. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे असेच अरेंजर झाले.

१९५१ चा 'अलबेला' पाहताना हे सारे एका जागी दिसते. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव, गिरणी कामगाराच्या घरातले. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांचा सहकारी हळदोण्याचा चिक चॉकलेट. गिरणगाव, नगर जिल्हा आणि बार्देश यांतून आलेल्या तीन माणसांनी मिळून लॅटिन अमेरिकेच्या ठेक्यावर सारा देश नाचवला. चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक त्यात झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून पडद्यावरही येतात. ज्यांना ताजचे दार कधी उघडले नसते, त्या लाखो प्रेक्षकांनी ताजच्या रात्रीचा सूर चार-आठ आण्यांच्या तिकिटात ऐकला. मुंबईच्या निशाजीवनाचे एवढे मोठे लोकशाहीकरण दुसरे झाले नसेल.

परंतु तबकडीवर नाव छापले जाई संगीतकाराचे आणि गायकाचे. वादकाला त्या पाळीचे पैसे मिळत आणि विषय संपे. चिक चॉकलेट १९६७ मध्ये वारले, तेव्हा ते जेमतेम पन्नाशीचे होते. त्यांच्या ट्रंपेटचे तुकडे कित्येकांना तोंडपाठ होते. वाजवणारा कोण, हे फार थोड्यांना ठाऊक होते. या वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ यांनी आणि मुंबईच्या जॅझचा मागोवा घेऊन नरेश फर्नांडिस यांनी ग्रंथ लिहिले, ते एकविसाव्या शतकात.

चर्चगेटची रात्र हळूहळू मावळली. डिस्कोथेक आले आणि एका तबकडीने सहा वादकांची जागा घेतली. १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'ला सॉनी रोलिन्स आला, तोवर रोजची मैफल विरळ झाली होती. 'टॉक ऑफ द टाउन'च्या जागी पुढे 'जॅझ बाय द बे' आले. आज तेथे पिझ्झा मिळतो. कायद्याची नजर मात्र रात्रीवरून हटली नाही. २००५ मध्ये राज्याने डान्स बार बंद केले, तेव्हा तारांकित हॉटेले आणि जिमखाने त्यातून वगळले होते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला. लोअर परळला बंद गिरणीच्या आवारात २००७ साली उघडलेले 'ब्लू फ्रॉग' नऊ वर्षे नव्या वादकांना रंगमंच देऊन मिटले.

गोव्याच्या या वादकांपैकी एकच नाव भारतभर दुमदुमले, आणि तेही आडवाटेने. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याच्या ध्यासातून त्यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात केला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये एका गाण्यातून गुरूचे नाव अजरामर केले. पडद्यावर ते नाव घेऊन अमिताभ बच्चन एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतात. ते नाव एका खऱ्या वादकाचे आहे, हे गाण्यावर नाचणाऱ्यांतील बहुतेकांना तेव्हा माहीत नव्हते. गोन्साल्विस २०१२ मध्ये गोव्यात वारले.