तुंबलेल्या नळीची ओळ

पुण्यातली नोकरी सोडून मी औसा तालुक्यातल्या वडिलोपार्जित तीन एकरांत उतरलो, तेव्हा खतांबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती: पीक पिवळं पडलं की खत फेकायचं. लहानपणी आजोबांना ज्वारीत युरिया फेकताना पाहिलं होतं. चार दिवसांत रान हिरवंगार. त्यावरून माझं सगळं शेतीशास्त्र तयार झालं होतं.

पहिल्या वर्षी सोयाबीन काढून ऑक्टोबरात हरभरा पेरायला घेतला. दुकानात डीएपी नव्हतं. बाजूला सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोण्यांची थप्पी लागलेली होती, पण ते स्वस्त म्हणून मला हलकं वाटलं. म्हटलं, पेरून तर घेऊ, खत आलं की देऊ. वापसा चालला होता, थांबून चालणार नव्हतं.

पंचवीस दिवसांनी डीएपी आलं. रांगेत उभा राहिलो, तीन गोण्या घेतल्या, सोबत दुकानदाराने गळ्यात मारलेली कसल्याशा टॉनिकची बाटलीही घेतली. घरी येऊन ऐटीत, आजोबांसारखं, ओळींवरून खत फेकलं. मग रोज सकाळी जाऊन हरभरा हिरवा होण्याची वाट बघत बसलो.

शेजारचे तात्या बांधावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"युरिया हाय का रे ते?"

"नाही तात्या, डीएपी."

"मग वर कशाला वतलंस? मुळ्या काय वर येऊन खाणार हायत व्हय?"

मला हा टोमणा वाटला. महिन्याभराने खुरप्याने दोन ओळींमधली माती उकरली, तर वरच्या कोरड्या मातीत ते काळपट दाणे जसेच्या तसे सापडले. एक चिमटीत धरून चुरडला. आत कोरडा, कडक. तेराशे पन्नास रुपयांची एक, अशा तीन गोण्या मी जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या.

मग मी विचारत सुटलो, आणि जितकं विचारलं तितका गोंधळ वाढला. कोकणातल्या सासुरवाडीहून सल्ला आला की रॉक फॉस्फेट टाका, स्वस्त पडतं. कुणी म्हणालं, 00:52:34 हे विद्राव्य खत फवारा, विषय संपला. माती तपासून घेतली, तर कागदावर स्फुरदाच्या, म्हणजे डीएपीतल्या मुख्य अन्नद्रव्याच्या, रकान्याशेजारी 'ऑल्सेन' असं लिहिलेलं. मला ते एखाद्या खताचं नाव वाटलं आणि मी दुकानात जाऊन मागितलंही! ती चुनखडीच्या जमिनीतलं उपलब्ध स्फुरद मोजायची पद्धत आहे, हे नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमनी हसू दाबत सांगितलं.

त्यांनी माझ्या कागदावर तीन ठिकाणी बोट ठेवलं. सामू 8.2, मुक्त चुना भरपूर, उपलब्ध स्फुरद कमी. गोम इथेच होती. चुन्यातलं कॅल्शियम स्फुरदाला धरून बसतं आणि त्याचं असं काही करून टाकतं की मुळांना ते सहज उचलता येत नाही. घातलेल्या खतापैकी पहिल्या पिकाच्या पदरात साधारण पंधरा-वीस टक्केच पडतं. शिवाय स्फुरद जागचं हलत नाही. नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. स्फुरद जिथे पडतं तिथून बोटाच्या पेरापलीकडे क्वचितच जातं. म्हणून ते मुळांच्या वाटेत आधीच असावं लागतं, पेरतानाच, बियाच्या खाली किंवा बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतं, आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते दगड होऊन पडून राहतं. सासऱ्यांचा सल्ला खोटा नव्हता, पत्ता चुकला होता. आणि फवारणी म्हणजे वरचा घास. जेवण जमिनीतूनच व्हायला हवं.

दुसऱ्या वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 10 आणि 20. सुपर फॉस्फेटात स्फुरद 16 टक्के, म्हणून एकरी 125 किलो, अडीच गोण्या. जोडीला नत्रासाठी 22 किलो युरिया. डीएपीत स्फुरद 46 टक्के, त्यामुळे एक गोणी भागली असती आणि नत्र त्यातूनच बरंचसं मिळालं असतं. उचलायला डीएपी सोपं, हे कबूल. पण ज्या खताला मी हलकं म्हणत होतो, त्यात 11 टक्के गंधकही असतं, आणि डाळीच्या पिकाला ते लागतं. शिवाय दुकानात ते होतं. रांग नाही, टॉनिक नाही.

बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं चोळून सावलीत सुकवलं. खत आणि बी एकाच चाड्यात टाकायचं माझ्या डोक्यात होतं, तेवढी एक चक्कर वाचेल म्हणून. तात्यांनी हात धरला. "जिवाणू लावलेलं बी खतात कालवतूस? मारतूस का त्याला?" मग ट्रॅक्टरचं दोन पेट्यांचं पेरणीयंत्र आणलं: एका पेटीत बी, दुसरीत खत.

एवढं सगळं करूनही चूक झालीच. सुपर फॉस्फेटाला ओल लागून गठ्ठे झाले होते. खताची एक नळी तुंबली आणि दोन फेऱ्या होईपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ट्रॅक्टरवाल्याशी गप्पा मारत बांधावर उभा होतो.

डिसेंबरात त्या ओळी आपोआप ओळखू आल्या. शेजारच्या ओळींपेक्षा बुटक्या, फांद्या कमी. दोन्हीकडची एकेक झाडं उपटली. खत मिळालेल्याच्या मुळांवर गाठी टपोऱ्या, नखाने फोडल्या की आत गुलाबी. तुंबलेल्या नळीच्या झाडावर त्या मोजक्याच, मोहरीएवढ्या. तात्यांना दाखवलं, तर त्यांनी मुळी न्याहाळली आणि म्हणाले, "आता कळलं का, कुठं वतायचं ते?"

पहिल्या वर्षी एकरी साडेतीन क्विंटल उतरला होता, दुसऱ्या वर्षी सहा. त्यातलं सगळं श्रेय खताचं नाही. दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊसही चांगला झाला होता. पण एकाच रानातल्या, एकाच पावसातल्या त्या बुटक्या ओळींना पावसाचं कारण लागू होत नाही.

पेरणीआधी गोण्यांतले गठ्ठे फोडून, चाळून घ्या. आणि यंत्र चालू असताना बांधावर गप्पा मारू नका. मागे चालत नळ्या बघा.