चार हात जमीन



चातुर्मास लागला की आमच्या सासूबाईंचं चालणं आणखी सावकाश होतं. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार, म्हणून पुढची चार हात जमीन बघितल्याशिवाय त्या पाऊल टाकत नाहीत. ईर्यासमिती खरी मुनींची, पण आपणही जमेल तेवढी पाळावी, असं त्यांचं म्हणणं. घाईच्या वेळी मला त्याचा कंटाळा यायचा, हे आज कबूल करते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पहाटे साडेपाचला त्या अभिषेकाला निघाल्या. हातात अक्षतांची डबी. आमची इमारत जुनी, पाच मजल्यांची. लिफ्टला बाहेरून ओढायचं दार आणि आत सरकती जाळी. तिसऱ्या मजल्यावरचा, म्हणजे आमच्याच पॅसेजमधला दिवा गेलेला होता. त्यांनी बटण दाबलं, थोडं थांबून दार ओढलं. दार उघडलं. पाऊल टाकण्याआधी सवयीनं मान खाली घालून मुंगी-किडा आहे का बघितलं, तर खाली जमीनच नव्हती. लिफ्ट पाचव्या मजल्यावर आणि समोर काळा खड्डा.

त्या मागे सरकल्या. डबी कलंडली आणि मूठभर तांदूळ खाली गेले. घरात येऊन मला म्हणाल्या, "अगं, दार उघडलं, पण आत कायच नाही की!" मी मटकन खाली बसले.

घाबरले तर होतेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. मी सोसायटीच्या कमिटीत खजिनदार आहे. दोन महिन्यांपूर्वी लिफ्टच्या मेकॅनिकनं सर्व्हिसच्या कागदावर लिहून दिलं होतं की तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक झिजलंय, बदलावं लागेल. त्या कागदावर सही माझी. खर्चाचा विषय मीच वार्षिक सभेवर ढकलला होता, कारण कंपाउंडची भिंत रंगवायची होती.

मेकॅनिक त्याच दिवशी आला. पंचविशीचा मुलगा, एकटाच. त्यानं मला समजावलं ते असं. लिफ्टचा दोर तुटेल ही भीती सगळ्यांना असते, पण दोर एक नसतो, अनेक असतात, आणि वेग प्रमाणाबाहेर गेला तर रुळांना घट्ट पकडणारी यंत्रणा खाली असते. जास्त धोका दारांचा. दाराच्या लॉकची कामं दोन: लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू द्यायचं नाही, आणि दार उघडं असेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही. आमच्याकडे पहिलंच काम बंद पडलं होतं.

मग तो खड्ड्यात उतरला. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, किती वेळ? चालू करा की लवकर!" खालून तो म्हणाला, "ताई, मेन स्विचपाशी जरा उभ्या राहा, कुणाला चालू करू देऊ नका." मी उभी राहिले. तिथे ना पाटी होती, ना स्विचला कुलूप. याआधी तो किती वेळा असा एकटा खाली उतरला असेल, आणि मीच किती वेळा फोन करून त्याची घाई केली असेल! पाणी गाळून पिणारी, रात्री न जेवणारी मी. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांची काळजी घेतली, पण हा डोळ्यांसमोरचा जीव माझ्या हिशेबात नव्हता.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी सांगितला आहे. पाठशाळेत हे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी मेन स्विचपाशी कळला. कुणी पडलं नाही, ते सासूबाईंच्या सवयीमुळे. माझा प्रमाद घडायचा तो घडलाच होता. संध्याकाळी प्रतिक्रमणात दुसरं काही आठवेना.

लॉक दुसऱ्या दिवशी बदललं, तोवर लिफ्ट बंद ठेवली. आपल्याकडे लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी २०१७ चा कायदा आहे, त्याआधी १९३९ चा होता. परवाना, तपासणीचे कागद मी आता स्वतः बघते. दार बाहेरून उघडायची किल्ली वॉचमनच्या खिळ्यावर लटकायची, ती काढून घेतली. काम चालू असताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, प्रत्येक मजल्यावर पाटी आणि कामाला दोन माणसं, हे कंपनीकडून लिहून घेतलं. मुलांना सांगितलं की लिफ्ट अडकली तर घंटा वाजवायची आणि आतच थांबायचं. हवा संपत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडून उडी मारताना माणूस खालच्या फटीतून खड्ड्यात जाऊ शकतो.

आता सरकत्या जिन्यावरही माझी नजर आधी खाली जाते. पदर आणि निऱ्या उचलून धरायच्या, मुलांच्या मऊ रबरी चपला कडेला घासू द्यायच्या नाहीत, एक हात कठड्यावर. कडेचे ब्रश बूट पुसायला नसतात, पाय लांब राहावेत म्हणून असतात. वर-खाली लाल बटण कुठे आहे, तेही बघून ठेवते. कुणाचं काही अडकलं, तर "कठडा धरा" असं ओरडून ते दाबायचं.

मेकॅनिक खड्ड्यातून वर आला तेव्हा त्याच्या तळहातावर चार दाणे होते. "खाली तांदूळ सांडलेत ताई, देवाचे दिसतात." मी त्याला गाळलेलं पाणी दिलं आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला बसव आधी. जेवला नसेल."

जय जिनेंद्र.