रिलीज माणसानेच करावं, असं मला वाटायचं

सॉफ्टवेअरचं रिलीज अनुभवी माणसाच्या हातूनच व्हावं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. बिल्ड यंत्रावर सोडा, टेस्ट यंत्रावर सोडा. पण नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्याचं शेवटचं पाऊल स्क्रिप्टने उचलावं, हे मला पटत नसे. आज आमच्या टीममधलं एकही रिलीज कुणाच्या लॅपटॉपवरून होत नाही, आणि ते तसं होऊ नये म्हणून मीच आग्रह धरते. मत कशामुळे बदललं आणि कुठवर बदललं, ते लिहायचं आहे.

आधीचं मत बिनबुडाचं नव्हतं. एखाद्या लायब्ररीचं रिलीज हाताने करायचं म्हणजे आवृत्तीचा आकडा बदलायचा, चेंजलॉग लिहायचा, टॅग मारायचा, स्वच्छ डिरेक्टरीत बिल्ड करायचा, पॅकेज रजिस्ट्रीवर चढवायचं आणि मग दुसऱ्या मशीनवर ते उतरवून घेऊन चालतं का ते पाहायचं. हे काम सावकाश होतं, आणि मला त्या सावकाशीचंच मोल वाटे. चेंजलॉग लिहिताना मागच्या रिलीजपासूनचे सगळे कमिट डोळ्यांखालून जातात. त्यातल्या एखाद्यापाशी मन अडखळतं: हा बदल जुन्या वापरकर्त्यांना झेपेल का? शिवाय या कामात परतीची वाट नसते. पायपीआयवर चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही. एनपीएमवर एकदा गेलेला आवृत्तीचा आकडा, पॅकेज काढून टाकलं तरी, पुन्हा मिळत नाही. जे मागे घेता येत नाही ते माणसाने थांबून, विचार करून करावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

नाइट कॅपिटलची गोष्ट मी याच मताच्या बाजूने सांगत असे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या या शेअर दलाली कंपनीने नवा कोड चालू केला. तो आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता. तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं निकामी पडलेला जुना कोड बाजार उघडताच जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटं ऑर्डरमागून ऑर्डर सोडत राहिला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने नंतर नुकसानीचा आकडा ४६ कोटी डॉलरहून अधिक सांगितला. दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासावं असा लेखी नियमच तिथे नव्हता, असंही त्या चौकशीत निघालं. मी त्यातून धडा घेत असे तो हा: रिलीजच्या वेळी शेजारी दुसरा माणूस बसवा.

पण तो दुसरा माणूस पाहणार काय? टर्मिनलवर सरकत जाणाऱ्या ओळी? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नाही.

तो पडला मार्च २०२४ मध्ये. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड युटिल्समध्ये चोरवाट असल्याचं जाहीर केलं. फाइल्स आकुंचित करण्याचं हे साधन लिनक्सच्या जगात जिथे तिथे असतं. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून ते चोरवाटेपर्यंत पोचले. त्यांच्या चिकाटीचं कौतुक सगळीकडे झालं, ते योग्यच होतं. मी मात्र एका वेगळ्याच तपशिलापाशी अडकले. घातक कोड टेस्टच्या फाइल्सच्या रूपात रेपोमध्येच लपवलेला होता. पण बिल्ड होताना त्याला जागं करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. तो फक्त ५.६.० आणि ५.६.१ या रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. आणि ते टारबॉल प्रकल्पात काही वर्षं नेमाने काम करून सगळ्यांचा विश्वास मिळवलेल्या एका मेंटेनरने तयार केले होते.

म्हणजे अनुभवी, विश्वासू माणूस, स्वतःच्या हाताने, नीट थांबून रिलीज करतो आहे. अगदी मला हवं होतं तसं. आणि लोकांनी जे वाचलं, तपासलं, मान्य केलं, त्यापेक्षा वेगळंच काही त्यांच्या हाती पडतं आहे.

यंत्राने टारबॉल बांधला असता तर हा हल्ला टळला असता, असा दावा मी करणार नाही. इतका विश्वास मिळवलेल्या माणसाने तो तुकडा रेपोमध्येही घातला असता. पण मग तो कमिटमध्ये दिसला असता, त्याच्यावर तारीख पडली असती, कुणीतरी विचारलं असतं की हे कशासाठी. माझ्या लॅपटॉपवरून निघालेल्या पॅकेजची गोष्टही काही वेगळी नव्हती. मी प्रामाणिक आहे हे मला ठाऊक होतं. ते इतर कुणी पडताळून पाहू शकेल अशी सोय मात्र माझ्या पद्धतीत कुठेच नव्हती.

त्यानंतर मी रिलीजच्या पुल रिक्वेस्टकडे गंभीरपणे पाहिलं. गूगलमध्ये तयार झालेलं रिलीज-प्लीज हे साधन आम्ही घेतलं. त्याची चाल सोपी आहे. कमिटच्या शेऱ्यांना ठरलेली सुरुवात असते: दुरुस्तीला ‘फिक्स’, नव्या सोयीला ‘फीट’, जुनं काही मोडत असेल तर उद्गारचिन्ह. त्यावरून आवृत्तीच्या तीन आकड्यांपैकी कुठला वाढवायचा ते ठरतं. साधन स्वतःच एक पुल रिक्वेस्ट उघडतं: नवा आकडा, चेंजलॉगची यादी, बदललेल्या फाइल्स. मेन ब्रँचवर आणखी काम मर्ज होत गेलं की तीच पुल रिक्वेस्ट ताजी होत राहते. कुणी ती मर्ज केली की टॅग पडतो, रिलीजची नोंद होते आणि पुढचा बिल्ड सुरू होतो. मर्ज केली नाही तर ती नुसती उघडी राहते, कुणाचं काही बिघडत नाही.

आमच्या एका अंतर्गत लायब्ररीची अशी पुल रिक्वेस्ट उघडी होती, २.७.३ वरून २.७.४ ला जाणारी. यादीत एक ओळ होती: फिक्स, टाइमआउट ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणला. टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलाने त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘मॅडम, हा फिक्स कसा? ज्यांच्या रिपोर्टला वीस सेकंद लागतात, त्यांचे सगळे रिपोर्ट बंद पडतील ना?’’ बरोबर होतं त्याचं. मूळ पुल रिक्वेस्टमध्ये कमिटचा शेरा सुधारला, तसा रिलीजवरचा आकडा थेट ३.०.० झाला. तो आकडा पाहिल्यावर टीममध्ये चर्चा झाली, टाइमआउट पुन्हा ३० वर नेला, आणि २.७.४ त्या बदलाशिवाय गेलं.

या मुलाने आयुष्यात एकही रिलीज केलेलं नव्हतं. माझ्या जुन्या पद्धतीत रिलीजच्या जवळ यायला त्याला बराच काळ थांबावं लागलं असतं. ज्या अडखळण्याचं मोल मला वाटत होतं ते इथेही होतं. फरक एवढाच की ते आता एकट्या माझ्या मनात राहत नव्हतं, आणि रिलीज व्हायच्या आधी घडत होतं. नाइट कॅपिटलमध्ये दुसरा माणूस पाहणार काय, याचं उत्तर मला तिथे मिळालं. त्याला वाचायला काहीतरी हवं.

बसवतानाचा एक अडथळा सांगायलाच हवा, कारण अनेक टीम इथे वैतागून चुकीचा रस्ता धरतात. गिटहब ॲक्शन्समध्ये वर्कफ्लोला आपोआप मिळणारं टोकन वापरून पुल रिक्वेस्ट उघडली किंवा टॅग मारला, तर त्यातून दुसरा वर्कफ्लो सहसा आपोआप सुरू होत नाही. वर्कफ्लोने वर्कफ्लोला जागं करायचं, त्याने पुन्हा पहिल्याला, असं चक्र लागू नये म्हणून ही अट मुद्दाम घातलेली आहे. परिणामी रिलीजच्या पुल रिक्वेस्टवर टेस्ट चालत नाहीत, टॅग पडूनही पॅकेज जात नाही. मग कुणीतरी स्वतःचं, भरमसाट अधिकार असलेलं, वर्षभर चालणारं टोकन तिथे चिकटवतं आणि गाडी सुरू होते. हे करू नये. टेस्टसाठी मोजक्याच परवानग्या असलेलं गिटहब ॲप वापरावं, आणि पॅकेज चढवण्याचं काम त्याच वर्कफ्लोत, रिलीज झालं असेल तरच चालणारा पुढचा जॉब म्हणून ठेवावं. रजिस्ट्रीसाठी तर आता साठवलेलं टोकन लागतच नाही. पायपीआयने २०२३ मध्ये आणि एनपीएमने २०२५ मध्ये अशी सोय आणली की ठरलेल्या रेपोतला ठरलेला वर्कफ्लो स्वतःची ओळख पटवतो आणि त्याला थोडा वेळ टिकणारा परवाना मिळतो.

टोकनबद्दल इतकं आग्रहाने लिहिते आहे त्याला कारण आहे. माझं मत बदलल्यानंतरच्या काळात हल्लेखोरांचा मोर्चा नेमका या स्वयंचलित साखळीकडे वळला. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या एका लोकप्रिय ॲक्शनचे जुने टॅग घातक कमिटकडे वळवले गेले. २३,००० हून अधिक रेपो ती ॲक्शन वापरत होते, आणि बिल्डच्या लॉगमध्ये गुपितं छापली जाऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या बिल्ड साधनाच्या वर्कफ्लोत पुल रिक्वेस्टचं शीर्षक थेट शेलच्या कमांडमध्ये जात होतं; शीर्षकातच आज्ञा लिहून एनपीएमचं टोकन पळवलं गेलं आणि घातक आवृत्त्या प्रकाशित झाल्या. हे दुसरं प्रकरण मला फार लागलं. कारण आमच्याकडे मर्ज करताना पुल रिक्वेस्टचं शीर्षकच कमिटचा शेरा होतो, आणि त्यावरच आवृत्तीचा आकडा ठरतो. बाहेरून कुणीही लिहू शकेल अशा मजकुरावर आम्ही केवढा भार टाकला होता!

त्या आठवड्यात मला कुणी विचारलं, आता परत हाताने करायचं का? मी नाही म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. दोन्ही प्रकरणांत दुरुस्ती काय करायची ते वर्कफ्लोच्या फाइलमध्ये दाखवता येतं: ॲक्शन टॅगवर न बांधता पूर्ण कमिट हॅशवर बांधा, परवानग्या कमीत कमी द्या, शीर्षक कमांडमध्ये घुसडू नका, बाहेरच्या पुल रिक्वेस्टला गुपितांजवळ फिरकू देऊ नका. माझा लॅपटॉप कुणी असा वाचून दुरुस्त करू शकलं नसतं.

मत पूर्ण उलटलं, असं मात्र नाही. सिमँटिक-रिलीजसारखी साधनं प्रत्येक मर्जनंतर, मध्ये कुणालाही न विचारता, नवी आवृत्ती थेट प्रकाशित करू शकतात. वेबसाइटसाठी सतत डिप्लॉय करणं मला मान्य आहे, कारण तिथे मागे फिरता येतं. इतरांच्या कोडमध्ये जाऊन बसणाऱ्या लायब्ररीसाठी ते मला आजही मान्य नाही. आमच्याकडे रिलीजची पुल रिक्वेस्ट बदल लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी मंजूर केल्याशिवाय मर्ज होत नाही.

आणि चेंजलॉगची यादी यंत्राने केली, तरी वापरकर्त्यांसाठीचा मजकूर आम्ही स्वतः लिहितो. कमिटचे शेरे कोड लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेले असतात. काय बदललं, तुम्हाला काय करावं लागेल, नाही केलं तर काय बंद पडेल, या चार ओळी ती आवृत्ती वापरणाऱ्या माणसाला समोर धरून लिहाव्या लागतात. गेल्या रिलीजच्या ओळी त्या टाइमआउटवाल्या मुलाने लिहिल्या. पुढच्या कुणाच्या, ते अजून ठरायचं आहे.