हाताचं माप

आई गेल्यावर लुगड्यांची, भांड्यांची वाटणी भरभर झाली. लाटण्यापाशी मात्र आम्ही बहिणी अडलो.

आमचं घराणं शिंद्यांच्या मागून उज्जैनला आलेलं. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण आमचे पूर्वज क्षिप्रेकाठीच राहिले. पुढे घरातल्या मराठीत हिंदी मिसळली, ताटात दाल-बाफले आले. पुरणपोळी मात्र जशीच्या तशी राहिली, आणि तिला इथलं आखूड, दोन्ही टोकांना मुठी असलेलं बेलन चालेना. आईला लाटणं हवं असे लांब, सडसडीत, टोकांकडे निमुळतं आणि मधे जरासं पोट असलेलं. पोट असलं की लाटणं कलतं करून नुसती कड दाबता येते, पुरणावर भार येत नाही.

दौलतरावांच्या राणी बायजाबाईंनी बांधलेल्या गोपाळ मंदिराजवळ एका गल्लीत लाकूड कातणारे एक म्हातारे खरादी बसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. "बीच में थोडा पोट चाहिए," आई तिच्या हिंदीत सांगे. उस्ताद तिला रिकाम्या पाटावर हवेतली पोळी लाटायला लावत आणि तिच्या तळव्यांकडे बघत राहत. "समझ गया, बहनजी."

मग कामाला घाई नसे. शिसवीचा तुकडा आधी ओबडधोबड उतरवून सावलीत ठेवून देत. टोकं लवकर वाळून चिरतात, म्हणून त्यांना शेणमातीचा लेप. महिन्यांनी तो तुकडा पुन्हा खरादावर चढे. त्यांचा खराद जुन्या पद्धतीचा होता. कमानीची दोरी लाकडाला वेढलेली, एक हात कमान पुढेमागे ओढतो, दुसऱ्या हातात पटाशी आणि तिला आधार पायाच्या बोटांचा. लाकूड एकदा अंगाकडे फिरे, एकदा उलटं. कापायचं ते अंगाकडे येतानाच. उलट फेऱ्यात पटाशी केसभर मागे. हा केसभराचा हिशेब त्यांच्या अंगठ्यात होता, असं मला आजही वाटतं.

काचकागद फिरवून झाला की ओल्या फडक्याने पुसत. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. वाळले की पुन्हा घासायचं, म्हणजे पुढे कणीक लागून लाटणं खरखरीत होत नाही. शेवटी त्याच लाकडाच्या भुशाची मूठ फिरत्या लाकडावर दाबून धरत आणि वर तिळाचं तेल. कुंकवाच्या करंड्यांना ते लाखेची कांडी लावत. घर्षणाने लाख वितळून चढे, मग केवड्याचं पान दाबलं की तिच्यावर चमक येई. लाटण्याला, रवीला, डावाला रंग लावत नसत. पोटात जाणाऱ्या अन्नाला लागणारी वस्तू, ती उघडीच हवी, यावर ते ठाम होते. आणि त्यांचं बरोबरच होतं.

उस्ताद आईच्या आधी गेले. त्यांच्या खोलीत आता पूजेचं सामान मिळतं. महाकालला येणारी गर्दी इतकी वाढली आहे की त्या गल्लीत भाडं खरादाच्या कमाईतून निघणं शक्यच नाही.

गेल्या वर्षी आईचं लाटणं घेऊन मी इंदूरला विजेच्या खरादावर गेले. मुलगा मन लावून काम करणारा होता. त्याने कॅलिपर लावून जागोजागची जाडी टिपली आणि तसंच दुसरं करून दिलं. गुळगुळीत, सरळ, कुठे खोट नाही. पण तेही आईच्याच हाताचं झालं. माझा तळवा तिच्यापेक्षा रुंद आहे. उस्तादांनी मला लाटायला लावलं असतं, पाहिलं असतं आणि पोट कुठेतरी सूतभर उतरवलं असतं. किती आणि कुठे, ते त्या मुलाला मला सांगता येईना. आईलाही सांगता आलं नसतं. ती आणि उस्ताद यांच्यामध्ये आकडा कधी आलाच नव्हता.

नवं लाटणं धाकटीने नेलं. तिचे हात आईसारखे आहेत. जुनं मी ठेवलं, संक्रांतीला, होळीला त्यानेच लाटते. माझ्या पोळीची कड जाड राहते.