ट्यूटचा तास

शुक्रवारी दुपारी, जेवणानंतर डोळे मिटायला लागतात त्या वेळेला, माझा ट्यूट असतो. ट्यूट म्हणजे ट्युटोरियल. दिल्ली विद्यापीठात एवढं लांब नाव घ्यायची कुणाला सवड नाही. लेक्चरला वर्ग भरलेला असतो आणि मी बोलत असते. ट्यूटला त्यातली थोडी मुलं येतात, एकानं लिहून आणलेला कागद टेबलावर मधोमध असतो आणि बोलणं त्या कागदाबद्दल चालतं. मी राज्यशास्त्र शिकवते, अठ्ठावीस वर्षं झाली. कॉलेजातल्या मुलांच्या जडणघडणीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे आधी कानाला माईक लावून स्टेजभर फिरणारे व्यक्तिमत्त्व-विकासवाले वक्ते आले. ते गेल्यावर हा कागद उरला.

२०२३ सालच्या पहिल्या सत्रात लातूरचा एक मुलगा माझ्या गटात होता. लातूर पॅटर्न अंगात मुरलेला, दिल्लीतल्या विजयनगरच्या पीजीत तिघांत एक खोली, आणि पदवीनंतर यूपीएससी हे घरात आधीच ठरलेलं. विषय हॉब्जचा होता. माणसं आपलं स्वातंत्र्य राज्यसंस्थेच्या हवाली का करतात? त्यानं दीड पान आणलं होतं. प्रस्तावना, सहा मुद्दे, निष्कर्ष; मुद्द्यांखाली पट्टीनं मारलेल्या रेघा. चूक शोधूनही सापडली नसती.

मी विचारलं, "यातलं तुझं काय आहे रे?"

"मॅडम, माझं कशाला? त्याला मार्क नाहीत."

खरंच होतं ते. मग सहज विचारलं, की राज्यसंस्था नावाची गोष्ट तू पहिल्यांदा कुठं पाहिलीस? तलाठी म्हणेल, पोलीस म्हणेल, असं वाटलं होतं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "स्टेशनवर. पाण्याच्या गाडीत."

एप्रिल २०१६. मिरजेहून दहा वाघिणी पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे दुष्काळी लातूरला आली तेव्हा हा पाचवीत होता. वडिलांनी स्कूटरवर बसवून गाडी बघायला नेलं होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४ लावलं होतं, पाच जणांनी जमायचं नाही म्हणून. पाण्यासाठी जमावबंदी! सगळ्यांचं सगळ्यांशी युद्ध, असं जे हॉब्ज म्हणतो ते या मुलानं घागर हातात धरून पाहिलं होतं, आणि दीड पानात त्याचा थेंबही आला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी तीन पानं आली. खाडाखोड, एकही रेघ नाही, इंग्रजी दोन ठिकाणी कोलमडलेलं. परीक्षेत आधीच्या कागदाला जास्त मार्क पडले असते, हे मी त्याला सांगून टाकलं. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. "मॅडम, हॉब्जनं टँकरवाल्याचा विचार केलेला नाही," तो म्हणाला. "तो राज्य पण नाही आणि जंगल पण नाही. दोन्हीच्या मध्ये उभा राहून तो पैसे कमावतो." गटातली नजफगढची मुलगी लगेच म्हणाली, की हमारे यहाँ भी है. मग तासभर दिल्लीचे टँकर आणि लातूरचे टँकर. मला हॉब्जपर्यंत परत यायला फार कष्ट पडले.

आपण या वयाच्या मुलांचे दोन भाग करून ठेवले आहेत. बुद्धीचं खातं प्राध्यापकाकडं, मनाचं समुपदेशकाकडं. मधली उरलीसुरली जागा योग, संवादकौशल्य, मूल्यवर्धन असल्या विषयांनी भरायची. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःत अशी फाळणी सापडत नाही. आपल्या गल्लीत घडलेलं विचार करण्याजोगं असतं, त्यावर कुणी उलट प्रश्न विचारतं, आपण त्याला उत्तर देऊ शकतो, हे कळणं बुद्धीच्या खात्यात टाकायचं की मनाच्या, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ट्यूट ही ऑक्सफर्ड-केंब्रिजकडून आलेली चाल. मी लागले तेव्हा गटात आठ-दहा जण असत. आता तीसपर्यंत जातात. तीस जणांचा ट्यूट म्हणजे छोटं लेक्चरच. २०११ मध्ये सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना सत्रपद्धत आली. चार वर्षांची पदवी २०१३ मध्ये आली, २०१४ मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्या वर्षी सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा नवी होती, प्रवेश लांबले आणि पहिल्या वर्षाचे वर्ग २ नोव्हेंबरला सुरू झाले. आता पहिल्या सत्रात सात विषय असतात. चूक करून बघायला आणि ती परत लिहून काढायला वेळ उरतो कुठं? मी नियम वाकवते. तिसांच्या याद्या फोडून पाच-पाच जणांना आळीपाळीनं बोलावते. बाकीच्यांची हजेरी लागते, त्यांनी जवळच्या रिजच्या झाडीत फिरून यावं. हे छापून आल्यावर मला कुणी विचारलं तर विचारलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. कॉलेजात मुलं घडतात त्यातला मोठा वाटा आमचा नसतोच, तो विद्यार्थ्यांच्या 'सोसायट्यां'चा असतो. इथं नव्या पोराला फच्चा म्हणतात. फच्चा नुक्कड नाटकाच्या ऑडिशनला जातो, दोनदा नापास होतो, तिसऱ्यांदा डफ धरायला मिळतो. कॉरिडॉरमध्ये घसा फाटेस्तोवर तालमी चालतात आणि मी लेक्चर थांबवून खिडकी लावून घेते. पण जो मुलगा माझ्यापुढं तोंड उघडत नाही तो तिथं शंभर माणसांच्या गोलात उभा राहून बोलतो. अलीकडं मात्र सोसायटीचं पदही सीव्हीवरची एक ओळ होऊन बसलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं इंटर्नशिपसाठी ट्यूट बुडवला की मी रागावत नाही. तिच्या पीजीचं भाडं मला माहीत असतं.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीनं फार सुरेख इंग्रजीत निबंध आणला होता. मी लाल पेनानं समासात लिहिलं, 'हे वाक्य कुणाचं?' आणि गटासमोर मोठ्यानं विचारलंसुद्धा. वाक्य तिचंच होतं. रात्रभर बसून, शब्दकोश उघडून केलेलं. हे मला नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, कारण ती मुलगी पुन्हा माझ्या ट्यूटला आली नाही. तिनं परीक्षा दिली, पास झाली, गेली. त्यानंतर लाल पेन मी घरी दूधवाल्याच्या हिशोबाला ठेवलं.

समुपदेशक नकोत असं मी म्हणत नाही. उच्च शिक्षणसंस्थांमधल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. जुलैमधल्या दुसऱ्या निकालात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेला निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असं सांगितलं. हे व्हायलाच हवं होतं. पण पोरं त्या दाराशी उशिरा पोचतात, दारावरची पाटी वाचून परतही फिरतात. त्याच्या आधी कागद बोलतो. नेमानं लिहिणारी मुलगी दोन आठवडे काहीच आणत नाही, अक्षर अचानक बारीक होतं, शेवटचं वाक्य अर्धं राहतं. अशा वेळी मी एवढंच विचारते, "झोप होते का गं?" उत्तर ऐकून घेते आणि वेळ पडली तर तिच्यासोबत समुपदेशकाच्या खोलीपर्यंत चालत जाते. त्यापुढचं काम माझं नाही. हे शिकायलाही मला वर्षं लागली. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर मात्र फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असतो.

आणि हे सगळं करायला शिक्षक जागेवर असावा लागतो. मी स्वतः नऊ वर्षं अॅड-हॉक होते. एकशेवीस दिवसांची नेमणूक, मग एका दिवसाचा खंड, मग नवं पत्र. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो एखाद्या मुलावर तीन वर्षं लक्ष कसं ठेवणार?

रविवारी मी एनसीवेबच्या वर्गांना जाते. दिल्लीतल्या ज्या मुलींना रोज कॉलेजला जाता येत नाही त्यांच्यासाठी हे वर्ग शनिवार-रविवारी भरतात; ही सोय चाळीसच्या दशकापासून आहे. आपले चिंतामणराव देशमुख १९६२ ते १९६७ इथं कुलगुरू होते. पत्रद्वारा शिक्षणाची शाळा १९६२ मध्येच निघाली. म्हणजे रोज येऊ न शकणाऱ्यांचा विचार या विद्यापीठाला नवा नाही. सीयूईटीच्या गुणांनी आणि कटऑफनी पेपर भरतात तेव्हा या मुलींचा उल्लेख नसतो, एवढंच. रविवारी ट्यूट नसतो. मी तास संपल्यावर अर्धा तास बसून राहते. ज्यांना थांबता येतं त्या थांबतात.

नांगलोईची एक मुलगी थांबते. आठवडाभर कपड्यांच्या दुकानात उभी असते. घरी टेबल नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी जुन्या दिल्ली स्टेशनसमोरच्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत जाऊन बसते. १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते उघडलेलं ते ग्रंथालय. २०१९ मध्ये बायकांना डीटीसी बसचा प्रवास फुकट झाला, त्यामुळं येण्याजाण्याचा हिशोब घरी द्यावा लागत नाही, असं तिनंच एकदा सांगितलं. चार महिने ती नुसती ऐकत होती. गेल्या महिन्यात निघताना तिनं दुकानाच्या बिलबुकाची तीन पानं पुढं केली, मागच्या कोऱ्या बाजूला हिंदीत लिहिलेली, घट्ट घडी घातलेली. मी उलगडायला लागले तशी तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"अभी नहीं, मैम. मैं बस में बैठ जाऊँ, तब पढ़िएगा."