दमडी-दमडीचे घर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नगरमध्ये घर शोधत फिरलो. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण एस.टी.तून उतरताना तोंडात अजून नगरच येते.

पहिल्यांदा गेलो सावेडीला. रुंद रस्ते, जवळ शाळा, दवाखाने. पुढे भिस्तबाग. बिहिश्त म्हणजे जन्नत. निजामशाहीतल्या बागेचे हे नाव. तिथला एक फ्लॅट अम्मींना फार आवडला. बोलणी ठरत आली, तेव्हा एजंटाने विचारले, "सर, पूर्ण नाव काय म्हणालात?" संध्याकाळी फोन आला, फ्लॅट गेला. महिन्याने तिकडून गेलो, तर 'विकणे आहे'ची पाटी तशीच होती.

मग मुकुंदनगर. पाच वेळची अजान, ओळखीचे चेहरे, ईदला उघडी दारे. इथे स्वस्त मिळेल, हा आमचा अंदाज मात्र चुकला. बाहेर नकार मिळालेली कुटुंबे याच गल्ल्यांत जागा शोधतात. मागणी वाढते, जागा तेवढीच. त्यात कागदांचा घोळ. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पण सातबारा सामाईक, एन.ए. नाही आणि व्यवहार नुसत्या नोटरीवर, अशी घरेही दाखवली गेली. नोटरीने मालकी मिळत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेता येते. म्हणून तो दाखला आम्ही आधी मागायचो. दोन घरे सोडली, तिसऱ्याचे कागद वकिलाकडून तपासून घेतले. खरेदीखत अम्मींच्या नावावर केले. स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. व्याजाचे कर्ज नको होते. थोडे दागिने मोडले, बाकी नातेवाइकांनी कर्ज-ए-हसना म्हणून दिले.

किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी देऊन ती उभारली, असे सांगतात. दोन खोल्यांच्या घराकडे पाहून अम्मी म्हणाल्या, "आपलेही तसेच."

शेजार चांगला मिळाला, अल्हम्दुलिल्लाह. पण पसंतीने निवडलेले घर वेगळे आणि उरलेल्यातून घेतलेले वेगळे. परवा मुलीची सावेडीतली मैत्रीण आली होती. शिरखुर्मा खाता खाता म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्येच का नाही घेतलं? एक फ्लॅट रिकामा होता."

आम्ही तिच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.