टोपली काढून घेऊ नकोस

आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात ‘ॲपल सायडर व्हिनेगर’ची बाटली असेल. माझ्याही होती. म्हणूनच, “आई, आमच्या शेजारी सायडर तयार करणारे एक कुटुंब आहे,” असे मुलीने इंग्लंडहून फोनवर सांगितले, तेव्हा मला व्हिनेगरचा कारखानाच डोळ्यांपुढे आला. तिथे गेल्यावर उलगडा झाला. सफरचंदाचा रस आंबवून केलेले सौम्य मद्य म्हणजे सायडर. तेच हवेत उघडे राहून आणखी आंबले की त्याचे व्हिनेगर होते.

आपल्या पाक्षिकात मद्याची गोष्ट कशाला, असे आपल्याला वाटेल. पण मला सांगायचे आहे ते आमच्या ह्यांच्याविषयी.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, चालणेही काठीच्या आधाराने जमू लागले. डावा हात मात्र दुबळा राहिला. त्या दिवसापासून मी ‘नको’ म्हणू लागले. पायऱ्या नको, कोयता नको, एकट्याने बागेत जाणे तर नकोच. देवगडजवळ आमची हापूसची चाळीस कलमे आहेत. त्यांतील निम्मी ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. ती विकण्याचा कागद तयार झाला होता, सही तेवढी राहिली होती. डाव्या हातासाठी राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दिला होता. तीन दिवस तो केला आणि चौथ्या दिवशी ह्यांनी वाटी सरकवून दिली. “मी काय बालवाडीत आहे?” त्यानंतर बोलणेही कमी होत गेले.

डॉक्टरांच्या संमतीने ऑक्टोबरमध्ये आम्ही मुलीकडे गेलो. ती हेरफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ राहते. तेथील सफरचंदाच्या जुन्या बागा पाहिल्यावर मला आपली आमराईच आठवली. उंच, वयोवृद्ध झाडे, दूरदूर लावलेली आणि खाली गवतात मेंढ्या. फळे उतरवत नाहीत. ती पिकून आपोआप गळतात, राहिलेली लांब काठीने हलवून पाडतात. गळीत सुरू होण्याच्या काही आठवडे आधी मेंढ्या बाहेर काढतात, म्हणजे फळांना लेंड्या लागत नाहीत.

शेजारच्या बाई साठीच्या आहेत. यजमान आणि मुलगा यांच्यासह त्या जुन्या गोठ्यात सायडर करतात. वर्षाला सात हजार लिटरपर्यंतच्या उत्पादकाला १९७६पासून तिथे उत्पादन शुल्क माफ आहे आणि असे घरगुती उद्योग बऱ्याच अंशी त्यावरच तगले आहेत. फळे काही दिवस ढिगात मऊ होऊ देतात, मग त्यांचा चोथा करून, कापडात बांधून, थरावर थर रचून दाबतात. रस लाकडी पिंपात हिवाळाभर आपल्याच किण्वाने सावकाश आंबतो.

त्यांनी ह्यांना एक फळ चाखायला दिले. एक घास घेताच ह्यांचे तोंड आवळून आले. मी धावले, तर हे हसत होते. “अगं, हे तर आपले बोंडू!” काजूच्या बोंडाचा तुरटपणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो घास बरोबर कळेल. सायडरची सफरचंदे खाण्याची नव्हेतच. त्यांतील तुरटपणानेच पेयाला अंग येते. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प अशी त्यांची नावे. फॉक्सव्हेल्पचा उल्लेख तर सतराव्या शतकातील पुस्तकात आहे. बी पेरून तीच जात मिळत नाही, म्हणजे साडेतीनशे वर्षे कोणी ना कोणी तिचे कलम बांधत आले आहे. एकोणिसाव्या शतकात या जाती क्षीण होऊ लागल्या, तेव्हा त्यांची नोंद करून चित्रे काढून घेण्यात पुढाकार होता तो हेरफर्डच्या एका वैद्याचा, डॉ. हेन्री बुल यांचा.

मग ह्यांची नजर वर गेली. झाडाच्या फांदीवर बांडगूळ! “हे काढत का नाहीत?” ह्यांनी मुलीला विचारायला लावले. नाताळात तेथील लोक ते घरात टांगतात, जवळच्या टेनबरी गावी त्याचा लिलावही होतो, हे कळल्यावर ह्यांनी कपाळावर हात मारला. आंब्यावरचे बांडगूळ कापण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस त्या रात्री जेवताना बांडगुळावर बोलत राहिला. इतके सलग बोलणे मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून हे फळे निवडायला बसू लागले. एका उलट्या क्रेटवर बैठक, समोर ढीग, उजवीकडे चांगल्या फळांची टोपली, डावीकडे सडक्यांची. सडके फळ डाव्या हातानेच उचलायचे, हा नियम ह्यांनी स्वतःच केला. पहिल्या दिवशी दहा फळे, तीही निसटत. राजम्याच्या वाटीला नकार देणारा हात आता तक्रार करीत नव्हता. मी मात्र दर पाच मिनिटांनी टोकत होते. गवत ओले आहे, उठू नका. थंडी आहे, पुरे आता.

एका दुपारी बाईंनी गेल्या वर्षीच्या सायडरचा पेला पुढे केला. ह्यांनी हात पुढे नेला, मी तो अडवला. चारचौघांत अडवला, हे माझे चुकलेच. पण नकार चुकीचा नव्हता. हे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, मधुमेहाचीही घेतात. मद्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर एकाएकी उतरू शकते. वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो, त्यामुळे तेवढेच मद्य अधिक चढते. आणि आधीच डगमगणारा तोल! मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. ‘घरगुती आहे, नैसर्गिक आहे’ या शब्दांनाही भुलू नये. अठराव्या शतकात डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ होत असे. चरकांत वापरलेले शिसे रसात उतरत होते, हे डॉ. जॉर्ज बेकर यांनी १७६७मध्ये दाखवून दिले. तेही घरगुतीच होते.

घरी आल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पेला नको, कबूल. पण टोपली काढून घेऊ नकोस.”

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी क्रेटखाली रबरी चटई टाकली, ह्यांच्यासाठी खडबडीत तळव्याचे बूट आणले आणि मी दूर जाऊन बसले. बाईंनी आमच्यासाठी थोडा रस तापवून बाटलीत भरला. न तापवलेला ताजा रस वृद्धांनी टाळावा, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. मधुमेहामुळे ह्यांच्या वाट्याला त्यातील दोन घोटच आले.

मार्चमध्ये कलमे बांधायची वेळ आली. बाईंनी ह्यांच्या हातात चाकू दिला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रक्त पातळ असलेल्या माणसाचे खरचटणेही लवकर थांबत नाही. पण उजवा हात शाबूत होता. काडी धरायला डावा पुरेना, म्हणून जाड चामड्याचा मोजा घालून काडी मी धरली. ह्यांनी पाचर तासली, खुंटाला चीर दिली, साल सालीला भिडवली. पट्टी मी गुंडाळली, ह्यांच्या देखरेखीखाली आणि बोलणी खात. “घट्ट, अगं घट्ट!” चाळीस वर्षांच्या संसारात कलम बांधताना मी प्रथमच ह्यांच्याजवळ उभी होते.

तीन कलमे बांधली आणि महिनाअखेर आम्ही परतलो. मे महिन्यात मुलीने फोटो पाठवला. दोन काड्या वाळल्या होत्या, तिसरीला चार पाने फुटली होती. हे तो फोटो मोठा करून करून पाहत होते. “वाळलेल्यांची पट्टी सैल होती,” मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

बागेचा कागद अजून कपाटातच आहे. सकाळी आम्ही दोघे बागेत जातो, क्रेट मी उचलते.